महापुरात धावून आलेल्या संस्थेचा सन्मान कसा करावा

ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा पात्राबाहेर आल्या आणि कर्नाटकातल्या आपल्या बेळगाव जिल्ह्यात निपाणी, चिक्कोडी, गोकाक भागात हाहाकार उडाला. त्याच महिन्यात कोल्हापूर, सांगली आणि केरळलाही पुरानं झोडपलं. अशा वेळी परगावाहून धावून आलेल्यांचे ऋण मानावेत असं प्रत्येक गावाला वाटतं. मग ते नीट मानावेत.

तारीख संस्थेला विचारूनच ठरवा. जागतिक मानवता दिन १९ ऑगस्टला असतो, पण तेव्हा आपल्याकडे नद्या भरलेल्या असतात आणि स्वयंसेवक कामात असतात. संस्था रेडक्रॉस असेल तर ८ मे, म्हणजे जागतिक रेडक्रॉस दिन, सोयीचा. नाहीतर दिवाळीनंतरचा एखादा रविवार धरा.

सत्कारमूर्तींची यादी संस्थेकडून लेखी मागवा आणि त्यात बोट चालवणारे, टेम्पोचालक, शाळेतल्या काळजी केंद्रात (पूरग्रस्तांच्या निवारा केंद्रात) स्वयंपाक करणाऱ्या बायका आहेत ना, हे पाहा. बहुतेक वेळा हीच नावं सुटतात, कारण यादी पदाधिकाऱ्यांपासून सुरू होते. मानपत्र मराठी आणि कन्नड दोन्हीत करा. कन्नड मजकूर छापण्याआधी कन्नड शाळेतल्या शिक्षकांकडून वाचून घ्या. नावातली चूक फ्रेम झाल्यावर दुरुस्त होत नाही. मजकुरात ‘अमूल्य सेवा’ वगैरे शब्दांपेक्षा नेमकं काम लिहा: ‘रस्ता बंद असताना बोटीनं बाळंतिणीला पलीकडे नेलं.’ किती कुटुंबं, किती दिवस हे आकडे ग्रामपंचायतीच्या नोंदीवरूनच घ्या.

सुरुवातीला मृतांना श्रद्धांजली वाहा. नावं वाचायची असतील तर आधी त्यांच्या घरच्यांना विचारा. रडणाऱ्या पूरग्रस्तांचे फोटो फलकावर नकोत. पाहुण्यांच्या भाषणांआधी स्वयंसेवकांचा सत्कार उरका, त्यांना शेवटची बस गाठायची असते.

शालीपेक्षा संस्थेला जास्त उपयोगी पडतं ते रक्तदान शिबिर. परवानाधारक रक्तपेढीशी आधी बोला. रक्तदाता १८ ते ६५ वयाचा, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ हवं. एकादशी किंवा श्रावणी सोमवार टाळा: उपाशीपोटी रक्त दिल्यानं चक्कर येते आणि एक जण कोसळला की रांगेतले बाकीचे बिचकतात. रक्त दिल्यावर किमान दहा-पंधरा मिनिटं बसवून सरबत द्या. आणि सगळ्या गावाचं रक्त एकाच दिवशी काढू नका. पिशवीतलं रक्त साधारण ३५ दिवस टिकतं. आपत्तीनंतर लगेच झालेल्या गर्दीतलं पुष्कळ रक्त यामुळेच वाया जातं. निम्म्या लोकांना पुढच्या शिबिरासाठी राखून ठेवा. दोन शिबिरांत चार महिन्यांचं अंतर ठेवलं तर पहिल्या वेळचेही येऊ शकतात, कारण पुरुषांना ९० आणि बायकांना १२० दिवस थांबावं लागतं.

देणगी चेकनं किंवा यूपीआयनं, थेट संस्थेच्या खात्यात द्या. मंडळाच्या कुणाच्या खासगी खात्यात गोळा केली की पावती कुणाच्या नावानं, यावरून पुढे वाद होतात. ८०जीची, म्हणजे देणगीवरची प्राप्तिकर सवलत दोन हजारांवरच्या रोख देणगीला नाही आणि नव्या करप्रणालीत ती कुणालाच मिळत नाही. आखातात गेलेल्या, पण भारतीय पासपोर्ट असलेल्या भावकीनं स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेला पैसा विदेशी देणगी ठरत नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांचा मात्र ठरतो. संस्थेची एफसीआरए, म्हणजे विदेशी देणगीच्या कायद्याखालची नोंदणी नसेल तर तो घेऊच नये, असेल तरी फक्त तिच्या दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक खात्यात जावा.

जुने कपडे पाठवू नका. निवडण्यातच स्वयंसेवकांचे दिवस जातात. त्याऐवजी ताडपत्री, नवी ब्लँकेट, सॅनिटरी पॅड यांपैकी काय कमी आहे ते विचारा. ओआरएसच्या पाकिटावरची मुदत तपासा.

कार्यक्रमानंतर आठवड्यात जमाखर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा आणि एक प्रत संस्थेला पाठवा.