वारसा फेरी कोणाच्या सवडीने? कोल्हापुरात असे उपक्रम आखणाऱ्यांसाठी

मी काढलेली पहिली वारसा फेरी रविवारी सकाळी सात वाजता टाऊन हॉलपासून सुरू झाली होती. लोक भरपूर आले, पण त्यांतील बहुतेकांनी तेथील संग्रहालय आधीच पाहिलेले होते, आणि ज्या वस्त्यांसाठी ती फेरी योजली होती तेथून एकही माणूस आला नव्हता. पुढे धुणीभांडी करणाऱ्या एका मावशींना कारण विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, "ताई, रविवारी घरोघरी पाव्हणं असत्यात, आम्हाला त्याच दिवशी जादा काम. मधल्या वारी दुपारी दोनला ठेवा की." तेव्हापासून कार्यक्रमाची जागा आणि विषय ठरवण्यापूर्वी मी माणसे ठरवते, आणि वेळ त्यांनाच सांगायला लावते. नव्याने काम सुरू करणाऱ्यांनीही येथूनच सुरुवात करावी.

ही दृष्टी कोल्हापूरला नवी नाही. शाळा उघडल्या तरी खेड्यातल्या मुलाने शहरात राहायचे कुठे आणि जेवायचे कुठे, हा प्रश्न उरतो, हे ओळखून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहे उभारण्यास चालना दिली. संग्रहालयाचे किंवा किल्ल्याचे दार सर्वांना उघडे आहे, एवढ्याने आपलेही भागत नाही. जाण्यायेण्याचे भाडे, बुडणारी मजुरी, लहान मूल कोणाकडे ठेवायचे याची चिंता आणि "तिथं आपल्याला कोण काय म्हणेल" हा संकोच, या चारही गोष्टींची तजवीज कार्यक्रमाच्या आराखड्यातच असली पाहिजे. त्यांतील संकोच सर्वांत चिवट असतो, कारण तो कोणी बोलून दाखवत नाही.

म्हणून निमंत्रण फलकावर लावून थांबू नये. पेठेतील तालमीचे वस्ताद, महिला बचत गटाच्या अध्यक्षा, अंगणवाडी सेविका, आशाताई ही माणसे ज्या घरांत सहज जातात तेथे आपले पत्रक पोहोचत नाही. त्यांच्याकडे कार्यक्रमाच्या किमान तीन आठवडे आधी जावे, काय करायचे आहे ते सांगावे आणि त्यांनी सुचवलेले बदल मनापासून स्वीकारावेत. ऊसतोड मजुरांच्या कुटुंबांचा विचार करायचा असेल, तर गळीत हंगामातच आणि त्यांच्या खोपटांच्या जवळच कार्यक्रम घ्यावा लागेल. हंगाम संपला की ती कुटुंबे गावी परततात. शिरोळ तालुक्यातील कारखान्यांच्या परिसरात उतरलेल्या मुलांना खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर जवळ पडते. मंदिराच्या स्वर्गमंडपाला माथ्यावर गोल मोकळी जागा आहे आणि भोवती अठ्ठेचाळीस खांबांची रचना आहे. त्या झरोक्याखाली उभे राहून आकाश पाहणारे मूल शिलाहार या राजघराण्याचे नाव विसरले तरी ती जागा विसरत नाही.

जागेची पाहणी स्वतः करावी आणि ती कार्यक्रमाच्याच वेळी करावी. सकाळी सावलीत असलेली जागा दुपारी तापलेली असते. पाहणीला जाताना गुडघे दुखणाऱ्या एका ज्येष्ठ व्यक्तीला आणि चाकाची खुर्ची वापरणाऱ्या एकाला बरोबर न्यावे. किती पायऱ्या आहेत, कठडा आहे का, बसायला कट्टा कुठे आहे, पिण्याचे पाणी कुठे मिळेल आणि स्त्रियांसाठी वापरता येईल असे स्वच्छतागृह किती अंतरावर आहे, हे लिहून घ्यावे. स्वच्छतागृह नसेल तर फेरी तासाभरात संपवावी किंवा जागा बदलावी, कारण त्या एका अडचणीमुळे कितीतरी बायका सकाळपासून पाणी पीत नाहीत आणि पुढच्या वेळी येतच नाहीत. पन्हाळ्याच्या बाबतीत एक सोय आहे: वाहन थेट गडावर जाते, त्यामुळे ज्यांना चढता येत नाही त्यांनाही तीन दरवाजा आणि अंबरखान्याची धान्यकोठारे दाखवता येतात. २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशातील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून पन्हाळ्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला आहे, तेव्हा गर्दीचे सुट्टीचे दिवस टाळून मधला वार निवडणे बरे.

परवानग्यांबद्दल थोडक्यात सांगते. स्मारक पुरातत्त्व विभागाकडे, अभयारण्य वन विभागाकडे, तलाव महापालिकेकडे आणि देवस्थान त्याच्या समितीकडे असते. प्रत्येक ठिकाणी लेखी अर्ज करावा, पोचपावती घ्यावी आणि संग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी आधी विचारावी.

माहिती सांगण्याची रीत मात्र सावकाश शिकावी लागते. टाऊन हॉलच्या संग्रहालयात पोसायडन या ग्रीक सागरदेवतेची लहानशी कांस्यमूर्ती आहे. ती पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडली. पूर्वी मी तिच्यासमोर सातवाहन काळ आणि रोमन व्यापार यांवर वीस मिनिटे बोलत असे. आता मी फक्त विचारते, "समुद्राचा देव नदीकाठी कसा आला असेल?" कोकणात माहेर असलेली कोणीतरी बाई घाटाचे नाव घेते, मालवाहतूक करणारा कोणी वाट कशी उतरते ते सांगतो, आणि बंदरातून घाटमाथ्यावर येणारा जुना व्यापारी मार्ग त्यांच्याच बोलण्यातून उभा राहतो. त्यानंतर सांगितलेले साल त्यांच्या लक्षात राहते.

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी केलेला एक प्रयोग येथे नोंदवावासा वाटतो. संरक्षित शिल्पांना हात लावू देणे योग्य नाही, म्हणून आम्ही कुंभार गल्लीतील एका कारागिराकडून वीरगळाची, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या स्मृतिशिळेची, मातीची प्रतिकृती करून घेतली. वीरगळ खालून वर वाचायचा असतो: तळाच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा आणि माथ्याशी चंद्र-सूर्य. एका मुलीची बोटे खालच्या चौकटीतील आडव्या पडलेल्या आकृतीवर बराच वेळ थांबली. मग तिने वरच्या चौकटीत तोच माणूस शोधला आणि म्हणाली, "हा आता बसलाय." देवळाबाहेर वर्षानुवर्षे उभे असलेले वीरगळ डोळसांपैकी फार थोड्यांनी इतक्या बारकाईने पाहिले असतील. प्रतिकृती भाजून घ्यावी, कच्च्या मातीच्या कडा लवकर झिजतात.

निसर्गाच्या कार्यक्रमासाठी लगेच राधानगरी अभयारण्य गाठण्याची गरज नाही. गव्यांसाठी प्रसिद्ध असलेले ते जंगल अवश्य दाखवावे, पण तेथे जायला पूर्ण दिवस आणि मोठे भाडे लागते. सुरुवात शहरातल्या रंकाळा तलावाच्या काठावरून करावी. काळ्या अंगाचा आणि पांढऱ्याशुभ्र कपाळाचा वारकरी पक्षी दुर्बिणीशिवायही ओळखता येतो. त्याचे नाव सांगितले की आजीबाईंना कपाळावरचा बुक्का आणि गंध आठवते, आणि त्या स्वतःहून नातवंडांना तो दाखवू लागतात. दहा-बारा माणसांमागे एक दुर्बीण पुरते, मात्र ती प्रत्येकाच्या हाती जाईल हे पाहणारा कार्यकर्ता नेमावा, नाहीतर ती धीट मुलांकडेच राहते.

खर्चाचे अंदाजपत्रक मांडताना छपाई आणि मंडप यांवरची रक्कम कमी करून ती केएमटी या शहर बसचे भाडे, चहा-नाश्ता आणि मुले सांभाळणाऱ्या ताईंचे मानधन यांकडे वळवावी. वस्तीतील जे जाणकार माहिती सांगतात, त्यांनाही बाहेरच्या व्याख्यात्याइतकेच मानधन द्यावे. कुस्तीचा आखाडा, चपलेची शिवण, गुऱ्हाळाची चूल हे त्यांचे ज्ञान आहे आणि ते फुकट मागणे मला अन्यायाचे वाटते.

नोंदवहीत एकूण हजेरी लिहून भागत नाही. पहिल्यांदा कोण आले, कोणत्या वस्तीतून आले, मध्येच कोण निघून गेले आणि का, हे त्याच संध्याकाळी लिहावे. न आलेल्यांपैकी दोन-तीन घरी आठवड्याच्या आत जाऊन यावे. दोन फेऱ्यांना आलेल्या व्यक्तीला तिसऱ्या फेरीत एका थांब्याची माहिती सांगायला द्यावी, तिची तयारी तिच्या घरी जाऊन करून घ्यावी, आणि ती बोलत असताना आपण मधे पडून चुका दुरुस्त करू नयेत. आमच्या दुपारच्या फेरीतील ब्रह्मपुरीचा थांबा आता त्या मावशीच सांभाळतात, आणि पुढची तारीखही त्यांच्या कामाच्या घरी विचारूनच ठरते.