जुन्या प्रशिक्षण विमानांचे आयुष्य वाढवताना या चुका टाळा

नव्या प्रशिक्षण विमानाला उशीर झाला की जुन्याला मुदतवाढ मिळते. 1964 साली प्रथम उडालेल्या, भारतीय हवाई दलाच्या किरण या जेट प्रशिक्षण विमानाचेच उदाहरण घ्या. 2009 मध्ये एचपीटी-32 दीपक विमानांची उड्डाणे थांबवल्यावर नवशिक्या वैमानिकांच्या पहिल्या टप्प्याचा भारही किरणवर आला आणि 2013 मध्ये पिलाटस हे स्विस प्रशिक्षण विमान दाखल होईपर्यंत त्याने तो वाहिला. अशा वयस्क विमानांवर काम करताना त्याच त्या चुका मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

सर्वांत घातक चूक तपासणीपूर्वीच्या सफाईत होते. पंखाच्या मुळाशी असलेल्या जोडाची डाय पेनिट्रंटने, म्हणजे भेगेत शिरून ती लाल रेघेने दाखवणाऱ्या रंगीत द्रवाने, तपासणी करायची तर आधी रंग काढावा लागतो, आणि तो रसायनाने मऊ करून काढायला वेळ लागतो. एका तळावर उतावळ्या तरुण तंत्रज्ञाने तो तारेच्या ब्रशने खरवडला. तपासणीत एकही लाल रेघ उमटली नाही आणि जोड निर्दोष असल्याची नोंद झाली. ॲल्युमिनियम मऊ असते. जोराने घासले की वरचा धातू पसरून भेगेचे तोंड बुजते आणि द्रव आत शिरतच नाही. ती चकचकीत जागा मला खटकली, म्हणून एडी करंटचा, म्हणजे धातूत विद्युतप्रवाह निर्माण करून भेग शोधणारा, प्रोब फिरवला, तेव्हा बोल्टच्या छिद्राच्या कडेला भेग सापडली. ते विमान दुसऱ्या दिवशी सकाळी कसरतीच्या उड्डाणाला जाणार होते. तेव्हापासून रंग काढलेली जागा स्वतः भिंगातून पाहिल्याशिवाय मी पेनिट्रंटच्या डब्याला कोणाला हात लावू देत नाही.

केवळ उड्डाणतास मोजणे हीही मोठी चूक आहे. सरळ रेषेत उडालेला तास आणि टच अँड गो (चाके टेकवून लगेच पुन्हा उड्डाण), स्पिन (गिरक्या घेत खाली येणे) व कसरतींत गेलेला तास सारखे नसतात, कारण भार थोडा वाढला तरी धातूचा थकवा कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून मी विमानावरचा भार मोजणाऱ्या जी-मीटरचे आकडे आणि उतरण्यांची संख्या तासांच्या शेजारीच लिहितो.

रबरी होज (नळ्या) आणि सील उभ्या विमानातही म्हातारे होतात. त्यांची तारीख पाहावी. पावसाळ्यापूर्वी पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी करावीत. एका विमानाचा भाग दुसऱ्याला बसवला, तर त्याचा पूर्वीचा हिशेब त्याच दिवशी नव्या लॉगबुकात उतरवावा; हिशेब नसलेला भाग मी बसवत नाही, मग विमान आठवडाभर हँगरमध्ये उभे राहिले तरी चालेल.