कडी उजव्या हाताने की डाव्या?

माझी पहिली शॉर्टफिल्म सहा मिनिटांची होणार होती, झाली साडेतीनची. उरलेलं मी कापलं नाही, ते जोडताच आलं नाही.

प्रसंग अगदी साधा. मुलगी कडी काढते, आत येते, टेबलावरचं पत्र उचलते. वाइडमध्ये (लांबून घेतलेल्या शॉटमध्ये) तिने कडी उजव्या हाताने काढली होती, क्लोजअपमध्ये डाव्या. शूटच्या वेळी कुणाच्याही लक्षात आलं नाही. फ्रेम किती देखणी दिसतेय यातच आम्ही सगळे गुंग. त्यात मी रेकॉर्डचं बटण दाबतानाच 'ॲक्शन' ओरडायचो आणि शेवटचा शब्द संपायच्या आत 'कट'. एडिटला बसलो तेव्हा कापायला पुढेमागे जागाच नव्हती. आता रोल सुरू झाला की मनात पाचपर्यंत मोजतो, 'कट' म्हणण्याआधी पुन्हा पाच.

हालचालीवर कट करायचा तर ती हालचाल दोन्ही शॉटमध्ये पूर्ण घ्यावी लागते. म्हणजे क्लोजअपमध्येही कडीवरचा हात नको, हात उचलण्यापासून सुरुवात हवी. मग तो निम्म्या वाटेवर असताना कापायचं. बघणाऱ्याची नजर हाताबरोबर धावत असते, सांधा तिच्या ध्यानात येत नाही. हात थांबल्यावर कापून बघा, फरक लगेच कळेल. कॅमेराही दोन शॉटमध्ये पात्राभोवती निदान 30 अंश तरी सरकवा. जेमतेम सरकवला तर माणूस जागच्या जागी दचकल्यासारखा दिसतो.

180 अंशांचा नियम (दोन पात्रांमध्ये एक रेषा कल्पायची आणि कॅमेरा तिच्या एकाच बाजूला ठेवायचा) मला तोंडपाठ होता. तरीही संवादाच्या प्रसंगात पलीकडून उजेड छान येतोय म्हणून कॅमेरा ती रेषा ओलांडून तिकडे नेला. एडिटच्या टाइमलाइनवर दोघंही उजवीकडे बघत होते, जणू खोलीत तिसराच कुणी आहे आणि दोघं त्याच्याशी भांडतायत.

आवाजाकडे नवखी मंडळी शेवटी वळतात, मीही तसाच. प्रत्येक जागी सगळ्यांना गप्प बसवून 30 सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करा. हा रूम टोन नसेल तर दोन वाक्यांच्या मधे आवाज खड्ड्यात पडल्यासारखा वाटतो. आणि चित्र नि आवाज नेहमी एकाच फ्रेमवर कापू नका. पुढच्या शॉटचा आवाज अर्धा सेकंद आधी आणला (याला जे-कट म्हणतात) की संवाद वाहता होतो. वाइप (एक चित्र दुसऱ्याला पुसत येतं तो), पानं उलटणं वगैरे सॉफ्टवेअरमधली आतषबाजी मी पहिल्या फिल्ममध्ये वापरून घेतली, तुम्ही नाही वापरलीत तरी चालेल.

फ्रेमरेट, शटर पहिल्या शॉटआधी ठरवून टाका: सेकंदाला 25 फ्रेम असतील तर शटर 1/50 सेकंद. मग दिवसभर हात लावायचा नाही.

त्या कडीचं काय झालं? दोन हातांच्या मधे मी पत्राचा क्लोजअप घुसवला. तो शॉट खरं तर फोकस तपासायला म्हणून घेतलेला, चार सेकंदांचा, डिलीट करायचा राहून गेलेला. बघणाऱ्यांपैकी एकाला सगळ्यात तोच आवडला.