वाचन-आव्हान घेतलंय? मग नोंद लिहिताना या चुका टाळा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की माझ्याकडे वह्या येतात. आमचा वाचनगट सदाशिव पेठेतल्या एका घरी दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी जमतो. वर्षाचं आव्हान बारा खान्यांचं, प्रत्येक खान्यात दोन, म्हणजे एकूण २४ पुस्तकं. कादंबरी, आत्मचरित्र, कविता, नाटक, प्रवासवर्णन, अनुवाद, विज्ञान, आपल्या जन्माआधी छापलेलं पुस्तक, असे खाने असतात. अट एकच, प्रत्येक पुस्तकाची पानभर नोंद लिहायची. ते वाचताना तुम्हाला काय झालं, ते लिहायचं.

गेली नऊ वर्षं या नोंदी मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचते. दर वर्षी नवे लोक येतात आणि जुन्याच चुका करतात. प्रत्येकाला वेगळं सांगून आता घसा बसला, म्हणून एकदाच लिहून काढते.

मलपृष्ठ उतरवून काढणं

सगळ्यात आधी हे, कारण मला सगळ्यात जास्त त्रास याचाच होतो.

दोन वर्षांपूर्वी एका अनुवादित कादंबरीवर चार नोंदी आल्या. एक बँकेतून निवृत्त झालेल्या काकांची, एक कॉलेजातल्या मुलीची, एक डॉक्टरांची आणि एक घरी शिकवण्या घेणाऱ्या ताईंची. चौघांच्या नोंदीत एक वाक्य शब्दशः सारखं होतं: मानवी नात्यांचा तळ ढवळून काढणारी, अंतर्मुख करणारी कादंबरी. आधी वाटलं, चौघं आपसात बोलले असतील. मग कपाटातून पुस्तक काढून उलटं केलं, तर ते वाक्य मागच्या बाजूला छापलेलं, स्वल्पविरामासकट.

चौघांनीही पुस्तक मनापासून वाचलं होतं, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती. पुढच्या रविवारी चहा होईपर्यंत मी काकांना सहज विचारलं, तुम्हाला त्यातलं काय लागलं? काका पंधरा मिनिटं बोलले. त्या गोष्टीतला बाप मुलांना न सांगता घर विकतो. काकांनी स्वतःचं कोकणातलं घर असंच विकलं होतं, भावाला कळवलं ते खरेदीखत झाल्यावर. ते पान वाचल्यावर तीन रात्री त्यांना झोप नव्हती. मी म्हटलं, “काका, हे वहीत का नाही लिहिलंत?” तर म्हणाले, “अहो, ते माझं झालं. पुस्तकाबद्दल लिहायचं होतं ना?”

इथेच सगळं अडतं. काकांच्या घराची ती गोष्ट हीच त्या पुस्तकाबद्दलची नोंद होती. ‘तळ ढवळून काढणारी’ हे लिहिणाऱ्याला प्रकाशकानं पैसे दिलेत, तुम्हाला ते उसनं घ्यायची काहीच गरज नाही.

मी काय करते, ते सांगते. पुस्तक हातात आलं की आधी त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालते, शाळेत जूनमध्ये घालायचो तसंच. मलपृष्ठ नोंद लिहून होईपर्यंत झाकलेलं राहतं. दुसरं, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूच्या पट्ट्या कापून ठेवते. जाड असतात, चुरगळत नाहीत. प्रत्येक पुस्तकात एक पट्टी. जिथे थांबले, चिडले, घसा दाटला, तिथला पान क्रमांक आणि पुढे दोन-तीन शब्द. ‘८४ – आईची पिशवी’, ‘१३१ – हे खोटं वाटतं’, एवढंच. पुस्तक संपलं त्याच रात्री पट्टी समोर ठेवून नोंद लिहिते. तोवर फोन उघडत नाही, कारण दुसऱ्याचं मत एकदा वाचलं की आपलं कुठलं आणि त्याचं कुठलं ते वेगळं काढता येत नाही.

लिहिलेलं तपासायची माझी पद्धत सोपी आहे. नोंदीवरचं पुस्तकाचं नाव खोडा आणि दुसऱ्या एखाद्या पुस्तकाचं नाव घाला. तरीही नोंद चालत असेल, तर ती पुन्हा लिहा. ‘ओघवती भाषा’, ‘खिळवून ठेवणारं’, ‘एका बैठकीत संपवलं’, ‘प्रत्येकाच्या संग्रही असावं’ हे शब्द कुठल्याही पुस्तकाला चालतात. आमच्या गटात ते मी बंदच केलेत.

चांगली नोंद कशी असते, याचा एक नमुना माझ्याकडे जपून ठेवलेला आहे. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’वर एका मावशींनी लिहिलेली. मावशी माणदेशातल्या, आता कोथरूडला लेकीकडे राहतात. कादंबरी १९५५ सालची. एक तरुण मास्तर धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला जातो, पोरं जमवतो, गावाकडून तालीम बांधून घेतो, आणि मग दुष्काळ पडून वाडीच रिकामी होते. मावशींनी कथानकाचा एक शब्द लिहिला नाही. त्यांनी लिहिलं: “वाडी सोडून माणसं निघाली तिथं पुस्तक मिटलं. बाहत्तरच्या दुष्काळात आमच्या आईनं दाराला कुलूप लावलं आणि किल्ली शेजारणीकडं द्यायला गेली. शेजारीण आधीच गेलेली होती. ती किल्ली आईनं पदराला बांधून पुण्यापर्यंत आणली. लेखकाला हे कसं ठाऊक, असं वाटलं.” पाच वाक्यं. पुस्तकही कळतं आणि वाचणारं माणूसही.

आकड्यामागे धावणं

आव्हान २४ पुस्तकांचं असतं हे खरं, आणि तो आकडा मीच ठरवलाय. पण नोव्हेंबर लागला की लोक माझ्याकडे एकच मागणी घेऊन येतात: “ताई, बारीक पुस्तकं सांगा ना.” अप्पा बळवंत चौकात जाऊन पुस्तकाचा कणा बोटांत धरून जाडी मोजणारे लोक मी पाहिलेत.

हिंजवडीत नोकरी करणारा एक मुलगा आमच्याकडे आला होता. हुशार, मन लावून वाचणारा. त्या वर्षी नोव्हेंबरअखेर त्याची पंधरा पुस्तकं झाली होती. महिन्याभरात नऊ उरकायची होती. त्यानं बारीक पुस्तकं मागितली आणि मी यादी दिली, ही माझी चूक. त्या यादीत विश्राम बेडेकरांचं ‘रणांगण’ होतं. त्यानं ते कंपनीच्या बसमध्ये जाता-येता दीड दिवसात संपवलं आणि लिहिलं: “बोटीवरची प्रेमकथा. छान आहे. शेवट दुःखद.”

बैठकीत इतिहास शिकवून निवृत्त झालेले एक आजोबा येतात. त्यांनी शांतपणे विचारलं, “ती हॅर्टा बोटीवर का आहे?” मुलगा म्हणाला, “फिरायला निघाली असेल.”

खोलीत कुणी काही बोललं नाही. ‘रणांगण’ १९३९ सालचं. त्याच वर्षी सप्टेंबरात दुसरं महायुद्ध पेटलं. युरोपातून निघालेल्या त्या बोटीवर हिटलरच्या जर्मनीतून जीव घेऊन सुटलेले ज्यू आहेत, हॅर्टा त्यांतलीच. हे पुस्तकात कुठे दडवलेलं नाही, पानापानावर आहे. पण दीड दिवसात, बसमध्ये, नऊ पुस्तकांची घाई मानगुटीवर असताना डोळ्यांना फक्त संवाद दिसतात. सव्वाशेच्या आसपास पानांच्या त्या पुस्तकात जे ठासून भरलंय, ते बारीक असल्यामुळेच संथ वाचावं लागतं.

त्या मुलाचं मला कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीसाठी. जानेवारीत त्यानं तेच पुस्तक ग्रंथालयातून पुन्हा आणलं आणि तीन आठवडे ठेवलं. आजोबांकडून साल-तारखा लिहून घेतल्या. दुसरी नोंद अशी होती: “१९३५ च्या कायद्यांनी ज्यूंचं नागरिकत्व गेलं. म्हणजे ही मुलगी जिथे जन्मली, तो देश तिचा उरलाच नव्हता. आणि मी म्हणालो, फिरायला निघाली असेल.” ती नोंद वाचून मी वही मिटली आणि बराच वेळ तशीच बसले.

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: २४ झाली नाहीत तर १५ लिहा, ११ लिहा, पण बारीक पुस्तकांची यादी मिळणार नाही. माझा स्वतःचा रोजचा रतीब वीस पानांचा, सकाळी पहिला चहा ते नळाचं पाणी जाईपर्यंत. कवितासंग्रह असेल तर दिवसाला तीन कविता, त्याहून जास्त नाही. एका दुपारी अख्खा कवितासंग्रह संपवून ‘वाचला’ असं लिहिणाऱ्यांना मी तो परत वाचायला लावते.

एका पुस्तकानं तीन खाने भरणं

गोडसे भटजींचं ‘माझा प्रवास’ म्हणजे प्रवासवर्णन, आत्मकथन आणि जन्माआधीचं पुस्तकही, असं म्हणून तीन खुणा करणारे दर वर्षी निघतात. वरसईचे हे भटजी दक्षिणा मिळवायला उत्तरेत गेले आणि १८५७ च्या बंडात सापडले, झाशीच्या वेढ्यात होते. एवढा ऐवज हातात असताना खाने कसले मोजता? एक खाना घ्या. त्यातही आवृत्ती कुठली ते लिहा. १९०७ ची पहिली आवृत्ती चिंतामण विनायक वैद्यांनी हात फिरवून छापली. मूळ बखर पुढे दत्तो वामन पोतदारांनी प्रसिद्ध केली. दोन्हींतली भाषा वेगळी आहे. ‘भाषा गुळगुळीत वाटली’ असं लिहिलंत, तर ती कुणाची ते कळायला हवं.

पुन्हा वाचलेलं पुस्तक न मोजणं

हे धरा, नक्की धरा. भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ (१९६३) मी एकोणिसाव्या वर्षी वाचली. फर्ग्युसन रस्त्याच्या मागे खोली घेऊन राहत होते, आणि खानदेशातून पुण्यात शिकायला आलेला पांडुरंग सांगवीकर मला सोबती वाटला. वहीत होस्टेल, मेस, परीक्षा, बापाचे पैसे याबद्दल दोन पानं आहेत. त्याच्या धाकट्या बहिणीचा, मनीचा, मृत्यू त्या नोंदीत नाहीच. एकेचाळिसाव्या वर्षी पुन्हा वाचली तेव्हा मनीपाशीच थांबले, दोन दिवस पुढे जाता आलं नाही. मधल्या काळात माझ्याही घरातलं एक माणूस गेलं होतं. दोन्ही नोंदी एकाखाली एक, वेगळ्या शाईत आहेत. जुनी नोंद खोडू नका, फाडू तर अजिबात नका. खाली तारीख घालून नवी लिहा.

आणखी काही, थोडक्यात

अनुवादकाचं नाव न लिहिणं. तुम्ही वाचलेला प्रत्येक शब्द त्या माणसानं लिहिलाय.

तारे देणं. पाचपैकी साडेतीन म्हणजे नेमकं काय, ते मला आजवर कुणी सांगू शकलेलं नाही.

प्रस्तावना आधी वाचणं. पन्नास पानांची प्रस्तावना शेवट फोडून मोकळी होते. मी ती नेहमी नंतर वाचते.

ऐकायची पुस्तकं दुप्पट वेगानं लावणं. वाचणाऱ्यानं घेतलेला श्वासही ऐकायचा असतो, तो कापू नका.

दिवाळी अंक पुस्तक म्हणून मोजणं. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’नं पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासूनची ही आपली लाडकी परंपरा, आणि नोव्हेंबरात मीही दुसरं काही वाचत नाही. पण अंक चाळला जातो, पुस्तकासारखा सलग वाचला जात नाही. त्यातली एक कथा निवडून तिची नोंद लिहा, ती मी आनंदानं घेईन.

ग्रंथालयाच्या पुस्तकात पेन्सिलीनं शेरे मारणं. पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून पुस्तकं देतंय. तुमच्या हातातली प्रत तुमच्या आधी किती जणांनी जपलीय याचा विचार करा. शेऱ्यासाठी पट्टी आहे.

पुस्तक पुढे सरकत नसेल तर

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो, बहुतेक वेळा ओशाळून. ओशाळू नका. मी साठ पानं देते. तेवढ्यात जमलं नाही, तर मधलं एखादं प्रकरण उघडून दहा पानं वाचते. तरीही नाही, तर पुस्तक बाजूला. पण नोंद लिहायचीच: कुठल्या पानावर सोडलं, त्या दिवशी घरात काय चाललं होतं, कशाचा कंटाळा आला. नुसतं ‘बोअर झालं’ चालणार नाही. एका ताईंनी एक गाजलेलं आत्मचरित्र ७२व्या पानावर सोडलं आणि लिहिलं, “सासूबाई दवाखान्यात होत्या. पुस्तकातल्या बाईंचा उत्साह मला सहन झाला नाही.” ही पूर्ण नोंद आहे, मी ती पूर्ण धरली. पुढच्या जूनमध्ये त्यांनी तेच पुस्तक ७३व्या पानापासून पुन्हा सुरू केलं. पट्टी तिथेच होती.