१९३९ चा रुपया घेण्याआधी
लिलावाच्या साइटवर सहाव्या जॉर्जचा १९३९ चा दुर्मिळ रुपया दिसला की आमचे गिरगावातले मित्र आधी वजन विचारतात. ११.६६ ग्रॅम भरलं की खूश! अहो, १९३८ च्या अस्सल रुपयातला ८ कोरून ९ केला तरी वजन तेवढंच भरणार. मी साल मोठं करून बघतो. त्यात दोन ९ आहेत; शेवटच्याची शेपटी, जाडी, उंची पहिल्या ९ शी ताडायची. आकड्याभोवती खरवडल्याच्या रेघा किंवा तेवढ्याच भागाला चकाकी दिसली तर नाद सोडा. तिरप्या उजेडातला फोटो मागवा. कडेचाही मागवा: १९४० पासूनच्या निम्म्या चांदीच्या रुपयाला कडेच्या दात्यांमधून खाच फिरते, १९३९ ला नसते. ‘फोटो एवढेच आहेत’ म्हणणाऱ्याला माझा रामराम.