दारूची नखचाचणी: नमुना कसा घ्यायचा, निकाल कसा वाचायचा

फुंकायच्या यंत्रात काही तासांपूर्वीची दारू सापडते, लघवीत फार तर तीन दिवसांपर्यंतची. मागचे तीन-चार महिने तपासायचे असतील तर नखं कापावी लागतात. डोक्याचा केसही चालतो, पण टक्कल असेल किंवा सुतकात मुंडण झालेलं असेल तर नखंच बरी.

प्यालेल्या दारूचा अगदी थोडा अंश यकृतात बदलून त्याचं एथिल ग्लुकुरोनाइड, म्हणजे ईटीजी, तयार होतं. ते रक्तातून नखाच्या मुळाशी आणि नखाखालच्या मांसातून नखात मुरतं. प्रयोगशाळा दारू नव्हे, हे ईटीजी शोधते.

चाचणी फसते ती बहुतेक वेळा नमुना घेतानाच. प्रयोगशाळांना साधारण 100 मिलिग्रॅम नख लागतं. कोल्हापूरच्या गुजरीतल्या सोनाराच्या भाषेत सांगायचं तर एका गुंजेपेक्षा थोडं कमी. दहाही बोटांचे 2 ते 3 मिलिमीटर तुकडे निघाले तर एवढं वजन भरतं. म्हणून तारीख ठरवतानाच सांगून ठेवा, महिनाभर नखं कापायची नाहीत. तालमीतल्या पैलवानांची नखं कायम मांसाला लागून कापलेली असतात, त्यांना तर हे हमखास सांगा. नख कमी पडलं म्हणून पायाचं त्यात मिसळू नका. पायाचं नख हाताच्या निम्म्या वेगानं वाढतं, त्यामुळे काळाचा हिशेबच चुकतो.

कापण्याआधी नेलपॉलिश, जेल, चिकटवलेली नखं सगळं काढा. मग साबणानं हात धुऊन नखाखालचा मळ ब्रशनं काढा. शिरोलीच्या फाउंड्रीत काम करणाऱ्याच्या नखाखाली काळी वाळू घट्ट बसलेली असते. ती तशीच पुडीत गेली तर वजनकाट्यावर नख म्हणून मोजली जाते आणि निकालाचा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी येतो. हात पूर्ण कोरडे होऊ द्या. टेबलावर पांढरा कागद पसरा, हातमोजे घाला, स्वच्छ नेलकटरनं एकेक बोट कागदावरच कापा. तुकडे उडतात, पंखा बंद ठेवा. कागदाची सोनारासारखी पुडी बांधून ती कागदी पाकिटात ठेवा. प्लॅस्टिकची पिशवी नको, कोल्हापूरच्या पावसाळ्यात आत ओल धरते. फ्रिजचीही गरज नाही.

पाकीट त्या माणसासमोरच सील करा. त्यावर त्याची सही, घेणाऱ्याची सही, तारीख आणि वेळ हवी. ओळखपत्र तिथंच तपासा. लेखी संमती आधी घ्या. झोपलेल्या माणसाची नखं घरच्यांनी कापून आणली, असा नमुना स्वीकारूच नका. तो कुणाचा हेच सिद्ध होत नाही, आणि माणसाचा विश्वास जातो तो वेगळाच. मूत्रपिंडाचा आजार असेल तर फॉर्मवर लिहा, ईटीजी बाहेर पडायला वेळ लागतो.

निकाल पिकोग्रॅम प्रति मिलिग्रॅम असा येतो, म्हणजे एक मिलिग्रॅम नखात किती पिकोग्रॅम (ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग) ईटीजी सापडलं. केसांसाठी 30 च्या वर म्हणजे सततचं भरपूर पिणं, असा दंडक आहे. तो नखांना लावू नका. नखात ईटीजी केसापेक्षा जास्त सापडतं, म्हणून प्रयोगशाळेनं नखांसाठी दिलेली मर्यादाच बघा. कुठल्या दिवशी प्यायली, किती पेग झाले, हे नख सांगत नाही. लग्नात एकदाच घेतलेला घोट बहुधा दिसत नाही. कालची दारूही दिसत नाही, त्यामुळे गाडी चालवण्याच्या प्रकरणात ही चाचणी निरुपयोगी.

सगळ्यात मोठा अन्याय होतो तो नुकतीच सोडलेल्यावर. हाताचं नख महिन्याला साधारण 3 मिलिमीटर वाढतं, मुळापासून टोकाला यायला चार ते सहा महिने जातात. दसऱ्याला दारू सोडलेल्याची नखं दिवाळीत कापली तर त्यात जुनी दारू दिसणारच. त्याला खोटारडा म्हणू नका.

आणि निकाल हातात आला म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. हात थरथरणं, घाम, भास, झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, औषधाखाली सोडवा. दसऱ्याला सोडलेल्याची पुढची चाचणी गुढीपाडव्याला ठेवा. तोवर जुनं नख वाढून कापलं गेलेलं असतं.