टाकी लवकर रिकामी करायची आहे? मग या चुका टाळा

मायक्रोब्रुअरीत, म्हणजे बिअर बनवणाऱ्या छोट्या कारखान्यात, शंकूच्या तळाची नवी टाकी बसली की पहिला प्रश्न येतो, 'आता बॅच किती दिवसांत निघेल?' प्रश्न रास्तच आहे. आंबवणं, थंड करणं, खालून यीस्ट काढणं, सगळं एकाच टाकीत होतं, त्यामुळे दिवस खरंच वाचतात. पण यीस्टला लागणारा वेळ टाकी बदलल्याने संपत नाही.

सगळ्यात जास्त बॅच बिघडतात त्या ग्रॅव्हिटी (द्रवाची घनता, साखर संपते तशी ती उतरते) स्थिर झाल्याबरोबर टाकी थंड केल्यामुळे. साखर संपली तरी यीस्टचं काम बाकी असतं. डायअसिटिल, म्हणजे तो बटरस्कॉचच्या गोळीसारखा वास, यीस्टच शोषून घेतं. घाईने थंड केलंत तर यीस्ट तळाला बसतं आणि वास नंतर ग्लासात उमटतो. लागरला, म्हणजे कमी तापमानात आंबवलेल्या बिअरला, शेवटी १५-१६ अंशांवर दोन-तीन दिवस द्या. मग दोन झाकलेले नमुने घ्या. एक ६० अंशांच्या पाण्यात वीस मिनिटं ठेवा, दुसरा तसाच. दोन्ही गार करून हुंगा. गरम केलेल्याला लोण्याचा वास आला तर थांबा.

दुसरी चूक धोक्याची आहे. बिअर काढून घेतली तरी टाकी रिकामी नसते, आत कार्बन डायऑक्साइड भरलेला असतो. तो बाहेर न काढता टाकी धुण्यासाठी कॉस्टिक (कॉस्टिक सोड्याचं द्रावण) सोडलंत तर कॉस्टिक तो वायू शोषून घेतं, आत निर्वात पोकळी होते आणि जाड स्टीलची टाकी पत्र्याच्या डब्यासारखी चेपते. कॉस्टिकही वाया जातं. आधी वायू पूर्ण बाहेर काढा, आत पोकळी झाली तर हवा आत घेणारा व्हॅक्यूम व्हॉल्व्ह चालतोय का बघा. आणि वायू असलेल्या टाकीत डोकंसुद्धा घालू नका, माणूस काही क्षणांत कोसळतो.

एका वेळी दोन गोष्टी बदलू नका, हे मी नव्या मुलांना पुन्हा पुन्हा सांगतो. अमेरिकेतल्या मिलवॉकीच्या श्लिट्झ या बिअर कंपनीने १९७०च्या दशकात आंबवण्याचा वेळ कमी केला, कच्चा मालही स्वस्त वापरला. १९७६ मध्ये बिअर नितळ ठेवणारं नवं रसायन आणलं. त्याची फेस टिकवणाऱ्या पदार्थाशी गाठ पडली आणि बाटल्यांत पांढरे कण तरंगू लागले. लाखो बाटल्या परत मागवाव्या लागल्या. १९८२ मध्ये कंपनी स्ट्रोह या दुसऱ्या बिअर कंपनीच्या ताब्यात गेली.

पुढच्या बॅचसाठी यीस्ट घेताना पहिला काळपट गाळ सोडून द्या, मधला मलईसारखा थर घ्या. मिथिलीन ब्लूचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघा, निळ्या पेशी मेलेल्या. त्या जास्त दिसल्या तर ते यीस्ट वापरू नका, नवीन मागवा.